नेपाळमधून भारतात तीन अब्ज डॉलर? एका आकड्याची उलटतपासणी

रेमिटन्सवर, म्हणजे परदेशी कामगारांनी घरी पाठवलेल्या पैशांवर, वाचायला सुरुवात केली की पहिल्या महिन्याभरात एक वाक्य हमखास समोर येतं : "नेपाळ हा भारताला पैसे पाठवणाऱ्या मोठ्या देशांपैकी एक आहे, तिथून दरवर्षी सुमारे तीन अब्ज डॉलर भारतात येतात." वर्तमानपत्रांच्या लेखांत हे वाक्य असतं, धोरणविषयक अहवालांत असतं, प्रबंधांच्या पहिल्या प्रकरणातही असतं. शेजारी कंसात 'जागतिक बँक' असं लिहिलं की प्रश्न संपतो.

मला वाटतं प्रश्न तिथे सुरू होतो. आज या एका आकड्याची चिरफाड करू. तुमच्यापैकी बरेच जण नेट, पेट किंवा संशोधन आराखड्याच्या तयारीत आहेत. दुय्यम आकडेवारी वापरताना काय तपासायचं हे नियमांच्या यादीपेक्षा एका उदाहरणातून लवकर कळतं, म्हणून हा खटाटोप.

आधी पार्श्वभूमी

नेपाळ ही लहान अर्थव्यवस्था आहे आणि ती परदेशातून येणाऱ्या पैशांवर फार मोठ्या प्रमाणात उभी आहे. जीडीपीच्या तुलनेत हा पैसा अलीकडच्या वर्षांत साधारण पाव हिश्शाइतका भरतो. आपल्याकडे कोकणाला एकेकाळी 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणायचे, तसा हा अख्खा देश आहे. फरक एवढाच की मनीऑर्डर मुंबईहून न येता कतार, मलेशिया, सौदी आणि भारतातून येते.

या पैशाने फरक पडला का? पडला. लोकशिन, बाँच-ओस्मोलोव्स्की आणि ग्लिन्स्काया यांच्या २०१० च्या अभ्यासानुसार १९९५ ते २००४ या काळात नेपाळमधलं दारिद्र्य जितकं घटलं, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा कामासाठीच्या स्थलांतरामुळे आणि त्यातून आलेल्या पैशांमुळे होता. म्हणजे विषय पोटापाण्याचा आहे.

पण नेपाळमधून पैसा बाहेरही जातो. काठमांडूतली केशकर्तनालयं, फरशी बसवणारे, प्लंबर, सुतार, भाजीवाले, तराईतल्या वीटभट्ट्या, इथे बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले कामगार दिसतात. १९५० च्या शांतता आणि मैत्री करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहायला आणि काम करायला मोकळीक आहे. सीमेवर पासपोर्ट लागत नाही. १९९३ पासून १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. त्यामुळे कामगार खिशात रोख घेऊन घरी जाऊ शकतो.

थोडक्यात, आवक आहे आणि जावकही आहे. वाद जावक किती आहे याचा आहे.

तीन अब्ज आले कुठून?

हा आकडा कोणी मोजलेला नाही. नेपाळ राष्ट्र बँकेच्या नोंदींत नेपाळमधून बाहेर जाणारी रेमिटन्स एवढी कधीच दिसत नाही. त्या काळात ती एका अब्जाच्या जवळपासही फिरकत नाही. तीन अब्ज येतात जागतिक बँकेच्या 'द्विपक्षीय रेमिटन्स मॅट्रिक्स' नावाच्या तक्त्यातून. २०१० च्या दशकातल्या आवृत्त्यांमधे नेपाळ ते भारत या चौकटीत साधारण एवढीच रक्कम आहे. प्यू रिसर्च सेंटरने या तक्त्यावरून नकाशा केला आणि आकडा आणखी पसरला.

या तक्त्याची पद्धत दिलीप रथा आणि विल्यम शॉ यांच्या २००७ च्या निबंधातली. अडचण खरी होती. भारताला एकूण किती पैसा आला हे माहीत असतं, पण कोणत्या देशातून किती हे नीट माहीत नसतं. दुबईहून निघालेला पैसा न्यूयॉर्कच्या बँकेमार्गे आला तर तो अमेरिकेच्या खात्यात पडतो. म्हणून त्यांनी एकूण रक्कम सूत्राने वाटून टाकली. ज्या देशात तुमचे स्थलांतरित जास्त, त्याला जास्त वाटा. ज्या देशाचं दरडोई उत्पन्न जास्त, त्याला आणखी थोडा.

म्हणजे मॅट्रिक्समधली चौकट ही वाटणी आहे, मोजणी नाही. नेपाळच्या चौकटीतले तीन अब्ज म्हणजे भारताला जगभरातून आलेल्या पैशातून सूत्राने नेपाळच्या नावावर टाकलेला हिस्सा. पद्धत समजली की तपासायच्या जागा आपोआप दिसायला लागतात. मी तीन तपासल्या.

पहिली तपासणी : माणसं कोण?

सूत्राचा पहिला कच्चा माल म्हणजे स्थलांतरितांची संख्या. ती बहुतेक वेळा जनगणनेतून, 'जन्म कुठे झाला' या प्रश्नावरून येते. नेपाळच्या २०११ च्या जनगणनेत परदेशात जन्मलेल्यांची संख्या साधारण ४ लाख ८० हजार होती आणि त्यातले बहुसंख्य भारतात जन्मलेले.

आता लिंगनिहाय विभागणी बघा. संयुक्त राष्ट्रांच्या स्थलांतरित आकडेवारीत नेपाळमधल्या परदेशी जन्माच्या दर दहा व्यक्तींमागे सुमारे सात स्त्रिया आहेत. जगात इतकं प्रमाण क्वचितच दिसतं. वीटभट्टी आणि सलूनमधे काम करणाऱ्यांचं चित्र डोळ्यांपुढे आणलं तर हे जुळत नाही. पण तराईतल्या लग्नांचं चित्र आणलं तर लगेच जुळतं. मधुबनी, सीतामढी, चंपारण या बाजूच्या मुली सीमेपलीकडे धनुषा, महोत्तरी, पर्सा जिल्ह्यांत सून म्हणून जातात. रोटी-बेटीचा हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे.

म्हणजे सूत्र ज्यांना 'भारतात पैसे पाठवणारे कामगार' धरतंय, त्यांच्यात मोठा हिस्सा सासरी नांदणाऱ्या बायकांचा आहे. त्या माहेरी पैसे पाठवत असतील का? काही जणी पाठवत असतीलही. पण त्यांच्या नावावर हजारो डॉलर टाकणं म्हणजे चेष्टाच.

आणि जो हंगामी कामगार खरोखर पैसे घेऊन जातो, तो याच मोजणीतून निसटतो. वीटभट्टीचा हंगाम साधारण हिवाळ्यात सुरू होतो आणि पावसाआधी संपतो. २०११ ची जनगणना जूनमधे झाली. तेव्हा तो गावी भातलावणीच्या तयारीत असणार. जे पाठवत नाहीत ते मोजले गेले, जे पाठवतात ते सुटले. या दोन चुका एकमेकींना खोडतात असं समजायला कोणताही आधार नाही.

दुसरी तपासणी : सूत्र काय करतं?

माझं एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्समधलं. त्यामुळे सूत्र दिसलं की आधी एककं बघायची सवय आहे. रथा-शॉ सूत्र साध्या शब्दांत असं : यजमान देश मूळ देशापेक्षा गरीब असेल, तर प्रत्येक स्थलांतरित मूळ देशाच्या दरडोई उत्पन्नाइतकी रक्कम पाठवतो असं धरायचं. यजमान श्रीमंत असेल, तर त्यात दोन उत्पन्नांतल्या फरकाचा ०.७५ वा घात मिळवायचा. शेवटी सगळे वाटे अशा प्रमाणात वाढवायचे-घटवायचे की बेरीज एकूण नोंदलेल्या रकमेइतकी येईल.

पहिलं गृहीतक परत वाचा. नेपाळचं दरडोई उत्पन्न भारतापेक्षा कमी. तरी तिथे राहणारी भारतात जन्मलेली प्रत्येक व्यक्ती किमान *भारताच्या* सरासरी उत्पन्नाइतकी रक्कम पाठवते असं सूत्र म्हणतं. म्हणजे कमवतो त्यापेक्षा जास्त पाठवतो! गरीब यजमान देशांसाठी सूत्राला खाली तळ आहे, आणि तो तळ फार वर आहे.

आता एककं. समजा मूळ देशाचं उत्पन्न १०० डॉलर आणि श्रीमंत यजमानाचं ११००. फरक १०००, त्याचा ०.७५ वा घात सुमारे १७८. म्हणजे श्रीमंत देशातल्या कामगाराला २७८ मिळाले आणि गरीब यजमानातल्याला १००. प्रमाण २.७८. आता हेच गणित १ डॉलरला ५० रुपये धरून रुपयांत करा. मूळ उत्पन्न ५०००, फरक ५०,०००, त्याचा ०.७५ वा घात सुमारे ३३४४. श्रीमंताला ८३४४, गरिबाला ५०००. प्रमाण १.६७.

चलन बदललं की वाटणी बदलली! जगात काहीही बदललेलं नाही, फक्त आपण डॉलरऐवजी रुपये लिहिले. बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवतात तसं, मीटरमधे मीटरचा ०.७५ वा घात मिळवता येत नाही. इथे तेच झालंय. ०.७५ हा घात एका विशिष्ट एककालाच चिकटलेला आहे.

यावर एक न्याय्य प्रत्युत्तर आहे. सूत्र कामचलाऊ आहे, निसर्गनियम नाही, आणि आखाती देश किंवा अमेरिका यांच्यासाठी ते ढोबळ क्रम बरा देतं. मान्य. पण जिथे यजमान गरीब आहे, सीमा उघडी आहे आणि 'स्थलांतरित' म्हणजे बहुतांशी सुना आहेत, नेमकं तिथेच ते सर्वांत जास्त फसतं. नेपाळची चौकट त्याच कोपऱ्यात बसते.

तिसरी तपासणी : पाटीवरचं गणित

मला वाटतं ही तपासणी सगळ्यांत सोपी आहे आणि सगळ्यांत कमी केली जाते. तीन अब्ज डॉलर भागिले ४ लाख ८० हजार माणसं. उत्तर : माणशी वर्षाला साधारण ६,२५० डॉलर. त्या सुमारास नेपाळचं दरडोई उत्पन्न ८०० डॉलरच्या आसपास होतं. म्हणजे नेपाळमधली प्रत्येक परदेशी जन्माची व्यक्ती, लेकराबाळांसकट, देशाच्या सरासरी उत्पन्नाच्या जवळपास आठपट रक्कम दरवर्षी बाहेर पाठवते. हे होणं शक्य नाही.

"पण हंगामी कामगार मोजलेच नाहीत ना?" बरोबर. मग उलटं गणित करू. प्रत्येक कामगार वर्षाला १००० डॉलर नेतो असं धरा. २०१२ च्या दराने हे महिन्याला साधारण साडेचार हजार भारतीय रुपये, म्हणजे सढळ हाताने धरलेला अंदाज. तीन अब्जांसाठी असे ३० लाख कामगार लागतील. नेपाळची २०११ ची लोकसंख्या २ कोटी ६५ लाख. आणि त्याच जनगणनेत जगभर पांगलेले सगळे नेपाळी मिळून होते सुमारे १९ लाख. ज्या देशातले तरुण कामाअभावी बाहेर जातात, त्या देशात जाणाऱ्यांच्या दीडपट भारतीय कामगार काम करतायत, असं मानावं लागेल.

जावक शून्य आहे असं मी म्हणत नाही. नोंदलेला आकडा नक्कीच कमी आहे, कारण रोख पैसा आणि हुंडी बँकेला दिसत नाही. खरी रक्कम नोंदीपेक्षा जास्त आणि तीन अब्जांपेक्षा बरीच कमी असणार, एवढंच या पुराव्यावर म्हणता येतं. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या २०१६-१७ च्या सर्वेक्षणात भारताच्या रेमिटन्सपैकी ८२ टक्के सात देशांतून आल्याचं दिसलं : संयुक्त अरब अमिराती, अमेरिका, सौदी, कतार, कुवेत, ब्रिटन आणि ओमान. नेपाळ त्यात नाही. पण हे सर्वेक्षण बँकांना विचारून केलेलं, त्यामुळे खिशातली रोख त्यालाही दिसत नाही. एका बाजूचा पुरावा आपल्या सोयीचा आहे म्हणून त्याची मर्यादा लपवायची नाही.

आवकही तितकी स्वच्छ नाही

आता गंमत बघा. जावक अंदाजलेली म्हणून संशयास्पद, पण आवक तर मोजलेली आहे ना? तीही नीट बघावी लागते.

जागतिक बँकेच्या मालिकेत नेपाळला २००१ साली मिळालेली रेमिटन्स सुमारे १४.७ कोटी डॉलर आहे. २००२ साली ६७.८ कोटी. एका वर्षात साडेचार पटींहून जास्त! माणसं एका वर्षात साडेचारपट झाली नाहीत आणि पगारही झाले नाहीत. त्या सुमारास राष्ट्र बँकेने खासगी मनी ट्रान्सफर कंपन्यांना परवाने द्यायला सुरुवात केली आणि नोंदीची पद्धतही सुधारली. आधी हुंडीने येणारा पैसा आता खिडकीवर मोजला जाऊ लागला. आलेखात जी उडी दिसते ती बरीचशी मोजपट्टीची आहे.

हे फक्त नेपाळपुरतं नाही. मायकेल क्लेमेन्स आणि डेव्हिड मॅकेन्झी यांनी दाखवलं की १९९० ते २०१० या काळात विकसनशील देशांच्या नोंदलेल्या रेमिटन्समधे जी वाढ दिसते, तिच्यातली सुमारे ८० टक्के वाढ मोजणी बदलल्यामुळे आहे. ही मालिका आणि जीडीपी सरळ रिग्रेशनमधे घालून "रेमिटन्सचा वाढीवर परिणाम होत नाही" असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी हा निबंध आधी वाचावा.

व्याख्येचाही घोळ आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या नियमपुस्तिकेनुसार एक वर्षापेक्षा कमी काळ राहणाऱ्या कामगाराची *सगळी* मजुरी 'कामगारांचा मोबदला' म्हणून रेमिटन्समधे धरतात, त्याने त्यातली निम्मी तिथेच डाळ-भातावर खर्च केली तरी. वर्षाहून जास्त राहणाऱ्याचे मात्र फक्त पाठवलेले पैसे धरतात. एकाच भट्टीवरचे दोन मजूर, एकच मजुरी, आणि खात्यात दोन वेगळ्या रकमा.

म्हणून "नेपाळला येतात पाच अब्ज, जातात तीन अब्ज, निव्वळ उरतात दोन" ही वजाबाकी चूक आहे. २०१२ साली आवक खरोखरच पाच अब्जांच्या थोडी खाली होती. पण ती बँकेच्या खिडकीवर मोजलेली आणि जावक सूत्राने वाटलेली. दोन वेगळ्या मोजपट्ट्यांनी घेतलेल्या मापांची वजाबाकी होत नाही.

यात एवढं काय बिघडलं?

"आकडा थोडा चुकला तर चुकला," असं कोणी म्हणेल. पण हा आकडा रिकामा फिरत नाही. नेपाळमधे त्याचा अर्थ होतो : आपली पोरं वाळवंटात राबून आणतात ते भारतीय घेऊन जातात. यातून काठमांडूच्या फुटपाथवरच्या भाजीवाल्याकडे बघायची नजर बदलते. भारतात त्याच पद्धतीचा बांगलादेशचा आकडा फिरतो. तिथे 'भारतात जन्मलेले' म्हणून मोजले गेलेल्यांत फाळणीच्या वेळी आणि नंतर तिकडे गेलेली कुटुंबंही येतात हे कोणी सांगत नाही.

दुसरा परिणाम उलट्या दिशेचा आहे आणि मला तो जास्त बोचतो. आकडे मोठे तिथे लक्ष जातं. नेपाळी राज्यव्यवस्थेचं लक्ष श्रम स्वीकृती घेऊन विमानाने जाणाऱ्याकडे असतं. २०११ च्या जनगणनेत बाहेर असलेल्या नेपाळींपैकी एक तृतीयांशाहून जास्त भारतात होते. पण भारतात यायला श्रम स्वीकृती लागत नाही, त्यामुळे ते 'वैदेशिक रोजगारा'त धरले जात नाहीत, आणि त्या व्यवस्थेतला विमा किंवा कल्याणकोषाचा आधारही त्यांना मिळत नाही. अछाम, बाजुरा, डोटी या सुदूरपश्चिम भागातून मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत रखवाली करणारे, रत्नागिरीच्या आंबा बागांत राखण आणि काढणी करणारे, हे सगळे यात आले. तिकडे भारतात कामाला जाण्याला 'कालापहाड जाणं' म्हणतात.

२०२० च्या मार्चअखेर सीमा बंद झाली तेव्हा धारचुलात महाकाली नदीच्या अलीकडे हे लोक अडकले. काहींनी नदीत उड्या टाकून पोहत पलीकडे जायचा प्रयत्न केला. त्यांच्यासाठी आधी कुठली यादीच नव्हती. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स योजना २००८ पासून आहे. कोणत्याही एनईएफटी शाखेतून नेपाळला पैसे पाठवता येतात. तरी बरीच रक्कम गावी जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती जाते. जो पैसा खात्यात दिसत नाही, त्याचा मालकही धोरणात दिसत नाही.

तर मॅट्रिक्स वापरायचंच नाही?

वापरा, पण ते काय आहे ते सांगून. मुळात जागतिक बँकेने फाईलसोबत इशारे दिलेलेच आहेत : स्थलांतरितांची संख्या अपुरी आहे, त्यांच्या कमाईऐवजी दरडोई उत्पन्न धरलंय, अनौपचारिक मार्ग पकडता येत नाहीत. दोष द्यायचाच तर इशारे गाळून फक्त आकडा उचलणाऱ्यांना जास्त द्यावा लागेल. तुमच्या प्रबंधात "नेपाळमधून भारतात तीन अब्ज डॉलर आले" असं न लिहिता "मॅट्रिक्सच्या वाटणीनुसार तीन अब्ज येतात, ही वाटणी जन्मस्थानावरच्या संख्येवर आधारलेली आहे" असं लिहा. वाक्य लांबेल, पण परीक्षकाने विचारलं तर उत्तर तुमच्याकडे असेल.

आणि मॅट्रिक्समधला आकडा *अवलंबी चल* म्हणून रिग्रेशनमधे घालू नका. तो आधीच स्थलांतरितांची संख्या आणि दरडोई उत्पन्न यांपासून बनवलेला आहे. त्यावर तुम्ही पुन्हा हेच दोन चल घातले तर R² झकास येईल, आणि तुम्ही रथा-शॉ यांचं सूत्रच नव्याने शोधून काढलेलं असेल.

जाता जाता एक गृहपाठ. रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणांनुसार भारताला येणाऱ्या रेमिटन्समधे महाराष्ट्राचा वाटा २०१६-१७ मधे १६.७ टक्के होता, २०२०-२१ मधे ३५.२ टक्के, आणि २०२३-२४ मधे २०.५ टक्के. सात वर्षांत आपली माणसं इतकी गेली आणि परत आली का? की आणखी काही बदललं? कोणाला विचारून हे आकडे घेतले, पैसा कोणत्या शाखेत उतरला की त्या राज्याचा धरला, आणि मधल्या सर्वेक्षणाचं वर्ष कोणतं होतं, या तीन प्रश्नांपासून सुरुवात करा. उत्तरं खाली लिहा, पुढच्या पोस्टमधे त्यांच्यावर बोलू.